वाळा : तुमचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की वाळा या गांडुळासारख्या दिसणाऱ्या छोट्या, बिनविषारी सापाविषयीची पत्रे वाढतात. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

मोरीतून काळा दोरा निघाला. गांडूळ म्हणावे तर जीभ काढत होता. साप असेल का?

जीभ दिसली म्हणजे सापच. गांडुळाला जीभ नसते. शिवाय गांडुळाच्या अंगावर कडी-कडी दिसतात, ते चिकट असते आणि आखडत-ताणत पुढे सरकते. वाळा कोरडा, चकचकीत असतो आणि नागमोडी वळवळतो. भिंगातून पाहिलेत तर अंगाभोवती एकसारख्या खवल्यांच्या 20 रांगा मोजता येतील. इतर सापांच्या पोटाखाली असतात तसे रुंद खवले याला नाहीत, म्हणून गुळगुळीत फरशीवर तो जागच्या जागीच तडफडतो. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन ठिपके, जेमतेम उजेड-अंधार कळण्यापुरते. पूर्ण वाढलेला वाळा साधारण वीतभर, बहुतेकदा त्याहून लहानच. कात टाकण्याआधी तो निळसर-राखी दिसतो, तेव्हा लोक ‘वेगळी जात’ समजून फोटो पाठवतात.

मांडुळाचे पिल्लू तर नाही ना?

नाही. मांडूळ पिल्लांना जन्म देते आणि ती जन्मतःच वाळ्यापेक्षा कितीतरी जाड असतात. शेपटीवर काळे पट्टेही दिसतात. वीतभराहून बराच लांब आणि चोचीसारखे तोंड असलेला वाळा सापडला, तर तो चंचुवाळा असू शकतो. तो सुमारे 60 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तोही बिनविषारीच.

मुलाने उचलला तर त्याने शेपटी टोचली. विष चढेल का? आणि तो कानात शिरतो म्हणतात?

शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. माती रेटताना तो टेकू म्हणून कामी येतो. त्यात विष नाही. तोंड इतके लहान की माणसाला चावणे जमतच नाही, दातही फक्त वरच्या जबड्यात. तो जबडा झपाझप पुढेमागे हलवून मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या, कोष आत ओढणे एवढाच त्याचा उद्योग. कानात त्याला खायला काय मिळणार? हाताला घाण वास येईल, साबणाने धुवा.

मीठ किंवा फिनाईल मात्र ओतू नका, त्याने तो मरतो. पुठ्ठ्यावर घेऊन ओल्या मातीच्या डब्यात ठेवा आणि सावलीत, पालापाचोळ्याखाली सोडा. उन्हात लगेच सुकतो. बिळांत पाणी भरले की तो वर येतो, म्हणून मोरीच्या जाळीखाली मच्छरदाणीचे कापड लावा. साध्या जाळीच्या भोकातून तो सहज निसटतो.

कुंडीत एकच होता, आता चार दिसतात. नर कुठून आला?

आलाच नाही. या जातीत नर नसतातच. मादीच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीचे दोन नव्हे, तीन संच असतात. ती नराविना, शेंगदाण्याहून बारीक अशी थोडी अंडी घालते आणि पिल्ले सगळी माद्याच, आईची हुबेहूब नक्कल. त्यामुळे एका कुंडीतून गेलेला एक वाळाही नव्या मुलखात वस्ती करतो. रोपांच्या मातीतून तो असाच जगभर गेला. हवाई बेटांवर मूळचा जमिनीवरचा साप नव्हता, आज तिथे रुजलेला हा एकटाच.

झाडाची मुळे तो खात नाही. कुंडीत वाळे वाढले असतील तर आधी मुंग्यांचे किंवा वाळवीचे घर शोधा.