घासलेली हेडलाइट पुन्हा पिवळी का पडते?

प्रश्न : माझी गाडी नऊ वर्षांची आहे, साताऱ्यात उघड्यावरच उभी असते. हेडलाइटच्या काचा पिवळट, धुरकट झाल्यात. रात्री खंबाटकी घाटात पुढचं नीट दिसत नाही. टूथपेस्टने घासल्यावर लख्ख झाल्या, पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. जास्त वॅटचा बल्ब टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बल्बला हात लावू नका. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा घातला तर होल्डर आणि वायरिंग तापून वितळतं, आणि धुरकट काचेतून तो उजेड विखुरतोच. समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

आपण काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडू नये म्हणून कारखान्यात त्यावर कडक पारदर्शक थर देतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तोच थर कुजतो. टूथपेस्टने त्याचा वरचा पापुद्रा निघाला, सोबत उरलंसुरलं संरक्षणही गेलं. म्हणून घासणं हे अर्धंच काम. नवा थर दिल्याशिवाय ते करूच नये.

आधी काचेभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. बादलीभर पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाका आणि ओला पॉलिश पेपर ६०० नंबरपासून सुरू करा. सुरुवातीला पिवळसर गढूळ पाणी ओघळेल. ते पांढरं होईपर्यंत आणि काच सगळीकडे सारखी दुधी दिसेपर्यंत ६०० सोडायचा नाही. घाई इथेच नडते : जुन्या थराचे तुकडे राहिले तर त्यांच्या कडा नव्या थराखालून नकाशासारख्या दिसतात. मग ८००, १०००, १५००. एक नंबर आडवा, पुढचा उभा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते कळतं.

आता पॉलिश किंवा वॅक्स लावू नका, त्यावर क्लिअर (म्हणजे नवा थर देणारं पारदर्शक लॅकर) धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. थिनर, पेट्रोल कधीच नको. प्लास्टिकमध्ये बारीक तडे जातात. हार्डनर (घट्ट करणारं रसायन) असलेल्या, अतिनील-रोधक टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, क्लिअरचा स्प्रे घ्या. पहिला हात नुसता धुक्यासारखा, मग दहा-दहा मिनिटांनी दोन पातळ हात. जाड मारला की ओघळ आलाच. हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, म्हणून मोकळ्या जागेत, कार्ट्रिजचा (वाफ गाळणाऱ्या फिल्टरचा) मास्क लावूनच मारा. रुमाल बांधून भागत नाही. पावसाळी दमट हवेत क्लिअर पांढरा पडतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतरच काढा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

स्प्रे जमत नसेल तर ३००० पर्यंत घासून, कंपाउंडने चमकवून वर पीपीएफ, म्हणजे गाडीवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घ्या. पुढे ती पिवळी पडली तर सोलून बदलता येते.

प्रश्न : पाऊस झाला की हेडलाइटच्या आतून वाफ धरते. काच बदलावी लागेल का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : पातळ वाफ दिवा लावल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जात असेल तर काही करू नका, दिव्याला हवेची भोकं असतातच. ती सिलिकॉनने बुजवू नका, ओल आतच कोंडेल. तळाला पाणी साचत असेल तर आधी बल्बमागचं रबरी टोपण बघा. बल्ब बदलताना ते नीट बसवायचं बऱ्याचदा राहून जातं.