पाहुण्या ट्रामची चाके

प्रश्न : ब्रिटनमधील जुन्या ट्रामच्या वारसामार्गांवर कधीकधी दुसऱ्या संग्रहालयाची ट्राम काही काळासाठी आणून चालवतात, असे वाचले. विजेवर चालणारी कोणतीही ट्राम कोणत्याही रुळांवर धावू शकते काय? आणि तिच्यात त्यासाठी फेरफार केल्यास तिचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही काय?

उत्तर : धावू शकत नाही, आणि अडचण विजेपेक्षा चाकांची अधिक असते. बहुतेक जुन्या ट्राम साधारण ५५० ते ६०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालत, त्यामुळे मोटरींचे सहसा जुळते. रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, मात्र शहरागणिक निराळे होते. ग्लासगोने ते ४ फूट ७¾ इंच, म्हणजे प्रमाण गेजपेक्षा (४ फूट ८½ इंच, रेल्वेचे नेहमीचे अंतर) पाऊण इंच कमी ठेवले, कारण रेल्वेच्या वाघिणींनाही, म्हणजे मालडब्यांनाही, रस्त्यातील त्याच रुळांवरून न्यायचे होते आणि त्या वाघिणींची चाके रुळाच्या माथ्यावर न टेकता आपल्या कडेवर, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला बाहेर आलेल्या काठावर, रुळाच्या खाचेतून चालत. युक्ती नामी होती. पण तिच्यामुळेच ग्लासगोची ट्राम डर्बीशायरमधील क्राइचच्या राष्ट्रीय ट्राम संग्रहालयात, जिथे रूळ प्रमाण गेजचे आहेत, चाकांमधील अंतर वाढवल्यावाचून चालवता येत नाही.

गेज जुळले तरी काम संपत नाही. रस्त्यातील खाचेच्या रुळांसाठी घडवलेल्या चाकाची कड बारीक व उथळ असते, आणि यजमान मार्गावरचे सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर वळण्याच्या जागा, रेल्वेच्या धर्तीचे असतील तर अशी कड तिथल्या रुंद फटीत नीट सांभाळली जात नाही व गाडी घसरण्याचा धोका राहतो. वर तारेचाही प्रश्न असतोच : दांड्याने वीज घेणाऱ्या ट्रामला तारेच्या प्रत्येक फाट्यावर वाट दाखवणारे जोड लागतात, तर पेंटोग्राफच्या, म्हणजे छपरावरून तारेला टेकणाऱ्या चौकटीच्या, घासपट्टीला एकाच जागी खाच पडू नये म्हणून तार किंचित नागमोडी ताणावी लागते.

मोलाविषयी माझे मत असे, की जो बदल पुन्हा उलटवता येतो आणि ज्याचे मूळ भाग जपून ठेवले जातात, त्याने ट्रामचे काही बिघडत नाही. डेव्हनमधील सीटन येथील ट्राममार्गाची गोष्ट निराळी आहे. तिथले गेज अवघे २ फूट ९ इंच असल्याने पूर्ण आकाराची पाहुणी तिथे येऊच शकत नाही, म्हणून लंडन, बोर्नमथ व एक्झिटर येथील जुन्या ट्राम कापून, अरुंद करून त्या मार्गासाठी नव्याने उभारल्या गेल्या. याला पाहुणचार न म्हणता दत्तकविधान म्हणावे लागेल. त्या गाड्या आता मूळच्या मापाच्या राहिल्या नाहीत, तरीही त्या प्रवासी घेऊन धावतात, म्हणून मी त्या कारागिरांना दोष देणार नाही. फक्त ती ट्राम पाहताना आपण तिचे मूळ रूप पाहत आहोत, असे कोणी समजू नये.