ट्रेलरमध्ये रुसायला जागा नसते

‘निवृत्तीनंतर चोवीस तास एकमेकांसमोर राहायचं, आमचं निभावेल ना?’ ही काळजी समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षभर येत असते, पण सरळ येत नाही. कधी मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने येते, कधी नव्या फ्लॅटच्या. या जोडप्याच्या बाबतीत ती चाकं लावून आली होती.

दोघं गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्या मराठी प्राथमिक शाळेतून. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहायला दोघांची परवानगी आहे. त्यांना साहेब आणि बाई म्हणू. साहेबांनी हौसेने गाडीमागे जोडायचा कॅम्पिंगचा ट्रेलर करून घेतला होता. आत पलंग, दोन शेगड्या, छोटं सिंक, कॅसेटचा संडास, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करायचा. दिवाळीनंतर निघायचं, बेळगावहून ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा आणि कोल्हापूर, पुणे, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, दिल्ली करत अमृतसर गाठायचं. बेळगावला चोर्ला घाटाने जायचं की अनमोड घाटाने, यावर एक वाद घरीच होऊन गेला होता.

माझ्याकडे मात्र दोघं आली ती सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, परतल्यावर. नातेवाइकांकडे दोन रात्री ट्रेलर लावून बघायचा, एवढाच बेत होता. पोफळींमधून ट्रेलर मागे घेताना बाई मागे उभ्या राहून ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणत होत्या. त्यांचं तोंड गाडीकडे, म्हणजे त्यांची डावी तीच साहेबांचीही डावी. पण ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते. ट्रेलर चिऱ्याच्या बांधाला घासला. ‘दिसत नाही का तुला?’ साहेब ओरडले, तेही भाच्यांसमोर. बाई काही न बोलता घरात निघून गेल्या, त्या रात्री ट्रेलरमध्ये झोपल्याच नाहीत.

‘मॅडम, एवढ्याशा ओरडण्याचं एवढं काय?’ साहेबांनी मला विचारलं.

मी त्यांना उलट विचारलं, घरी भांडण झालं की तुम्ही काय करता? साहेब सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, जाऊन पेपर उघडतात. बाई मागल्या दारी परसात जातात, अळूला पाणी घालतात. तासाभराने चहा होतो आणि विषय न काढताच मिटतो. पस्तीसेक वर्षांचा संसार या सोप्यामधल्या आणि परसामधल्या अंतरावर नीट चाललेला. अनेक घरांत हेच असतं, आणि यात वाईट काही नाही. ट्रेलरमध्ये सोपा नाही, परस नाही. शिवाय चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसायचं नसतं. मागे जाऊन आडवी होईन, असं बाईंच्या मनात होतं, तेही गेलं. म्हणजे भांडण झालं तरी पुढच्या टोलनाक्यापर्यंत शेजारी शेजारीच.

म्हणून ‘आमचं पटेल का?’ या प्रश्नाचा मी फारसा विचार करत नाही. सिएटलमध्ये जोडप्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं म्हणणं आहे की जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, कारण ते स्वभावातून येतात. सुखी जोडप्यांचेही. तेव्हा पटणार नाही हे धरूनच चालावं. न पटल्यावर जायचं कुठे, हे आधी ठरवावं.

आम्ही तेच ठरवायला बसलो. माणूस खूप चिडला की शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात, तोवर बोलून उपयोग नसतो. त्यामुळे दोघांपैकी कुणीही ‘मी चालून येतो’ किंवा ‘येते’ म्हणायचं, परत कधी येणार ते सांगायचं, आणि दुसऱ्याने मागे जायचं नाही. वेळ सांगणं महत्त्वाचं, नाहीतर तो अबोलाच. मुक्कामी संध्याकाळचा काही वेळ दोघांनी वेगवेगळा काढायचा. आणि अधूनमधून एक रात्र लॉजवर, ट्रेलर बाहेर उभा करून. साहेबांना ही उधळपट्टी वाटली. मग ट्रेलर कशाला केला, म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही.

मागे घेण्याचं प्रकरण तर सोपं होतं. डावं-उजवं बंद. ‘विहिरीकडे घ्या’, ‘घराकडे घ्या’ असं दिसणाऱ्या वस्तूचं नाव घ्यायचं. ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, का ते नंतर. आरशात बाई दिसेनाशा झाल्या की ब्रेक. एका मोकळ्या मैदानावर मी त्यांना जागा बदलायला लावल्या. बाई गाडी चालवतात, पण ट्रेलरला त्यांनी हात लावला नव्हता. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरलं की हात जिकडे जातो तिकडेच ट्रेलर जातो, हे त्यांना पटकन उमगलं. मागे उभं राहून नेमकं वेळेवर ओरडणं किती अवघड, ते साहेबांना कळलं.

एका बाबतीत मी सरळ साहेबांची बाजू घेतली. बाईंनी उकड्या तांदळाचं पोतं, लोणच्याच्या बरण्या, सगळं जड सामान ट्रेलरच्या मागल्या कोपऱ्यात रचलं होतं. ट्रेलरच्या मागल्या टोकाला वजन गेलं की तो वेगात डुलायला लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. जड वस्तू चाकांच्या आसपास, खाली हव्यात. नवराबायकोत सगळंच अर्ध्यावर तोडायचं नसतं.

मग मी दोघांना वेगवेगळे कागद दिले. गाडी कोण चालवणार, पाणी कोण भरणार, स्वयंपाक, भांडी, मुलांना फोन, संडासाची कॅसेट कोण रिकामी करणार, ज्याने त्याने लिहायचं. बाकी बरंच जुळलं. कॅसेटपुढे साहेबांनी लिहिलं होतं ‘कोणीही’. बाईंनी लिहिलं होतं ‘मीच’. साहेब दोन्ही कागद बराच वेळ धरून बसले. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि दोन्हीकडे स्वतःचं नाव लिहिलं.

शेवटचा मुद्दा परतीचा. दोघांपैकी कुणीही, कुठेही, कारण न देता ‘परत फिरू’ म्हणू शकेल, असं मी सुचवलं. साहेब लगेच हो म्हणाले. बाईंनी विचारलं, ‘आणि घरी आल्यावर मला आयुष्यभर ऐकवणार नाहीत ना?’ सगळ्या भांडणात कळीचा प्रश्न हाच होता. सहलीची भीती बाईंना नव्हतीच. आपल्यामुळे सहल मोडली, हे चतुर्थीला जमलेल्या गोतावळ्यासमोर विनोद म्हणून सांगितलं जाईल, याची भीती होती. असं पूर्वी झालेलं होतं. यावर ‘नाही’ म्हणायला साहेबांना थोडा वेळ लागला, आणि तो लागला हेच मला बरं वाटलं.

हे सगळं साध्या कुरबुरींचं झालं. जिथे हात उचलला जातो, पैसे किंवा फोन काढून घेतले जातात, एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे ट्रेलर, लांबचा प्रवास, ‘एकांतात सगळं सुधारेल’ ही आशा, काहीच नको. तिथे आधी घरच्यांना, समुपदेशकाला किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला सांगा.

दोघं निघाली, अनमोडने. उदयपूरच्या पुढे मात्र गेली नाहीत. परत फिरू म्हणाले ते साहेब. कंबर धरली होती, आणि कारण सांगायची गरज नसताना ते तीन वेळा सांगत बसले. बाईंनी त्यांना एका शब्दाने ऐकवलं नाही. बहिणीला मात्र फोनवर सगळं रंगवून सांगितलं, असं त्यांनीच मला हसत सांगितलं. अमृतसर राहिलंय. बाईंचं म्हणणं, ते आता आगगाडीने करू.