एमबीबीएसनंतर अमेरिका: जे-१ घ्यावा की एच-१बी, आणि ग्रीन कार्डचं काय?

तुम्ही सरकारी कॉलेजात इंटर्नशिप करताय, अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (तिथलं एमडीसारखं पदव्युत्तर प्रशिक्षण) करून तिथेच राहायचा विचार आहे, आणि सिनियर सांगतात की ‘जे-१ घेतलास तर दोन वर्षं भारतात परत यावंच लागतं, एच-१बीच धर’. जे-१ म्हणजे शिक्षणासाठीचा एक्स्चेंज व्हिसा, एच-१बी म्हणजे नोकरीचा. यातला कुठला घ्यावा, आणि टेनेसीच्या लायसन्सच्या कायद्याचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः जे-१वर आलो, वेव्हर (त्या दोन वर्षांच्या अटीतून माफी) केला आणि आता कॅन्ससमधल्या एका लहान गावात हॉस्पिटलिस्ट (हॉस्पिटलात दाखल असलेले पेशंट बघणारा डॉक्टर) आहे. म्हणजे माझं माप थोडं जे-१च्या बाजूला झुकणार, हे धरून वाचा.

सिनियर सांगतात ते निम्मं खरं आहे. जे-१वर रेसिडेन्सी केली की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते. ती पुरी केल्याशिवाय एच व्हिसा नाही आणि ग्रीन कार्डही नाही. एवढंच नाही, जे-१साठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून जे ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ आणावं लागतं, त्यात ‘शिक्षण संपल्यावर परत येईन’ असं तुम्ही लिहून दिल्याचा उल्लेख असतो. इतर जे-१वाले भारत सरकारचं ना-हरकत पत्र आणून सुटतात; डॉक्टरांना ती वाट बंद आहे.

पण उरलेलं निम्मं सिनियर सांगत नाहीत. १९९४ पासून ‘कॉनरॅड’ नावाची सोय आहे. दर राज्याला वर्षाला ३० जागा. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात एच-१बीवर तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी करायची, की दोन वर्षांची अट माफ. असा भाग म्हणजे दरवेळी ओसाड खेडंच असतं असं नाही. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्याही त्यात येतात, आणि ३० पैकी १० जागा तर राज्याला अशा भागाबाहेरच्या, पण तिथले पेशंट बघणाऱ्या हॉस्पिटलांनाही देता येतात. टेक्साससारख्या राज्यांत गर्दी असते, वायोमिंग-अलास्काकडे जागा उरतात. राज्यांचे अर्ज साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात, म्हणून रेसिडेन्सीच्या तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा सरायच्या आत नोकरीचा करार हातात हवा. त्या करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आठवड्याला किती तास, नाईट कॉल (रात्रीची ड्युटी) किती, नोकरी सोडल्यावर मालप्रॅक्टिस विम्याचे पैसे कोण भरणार, शेजारच्या गावात प्रॅक्टिस करायला बंदी आहे का, हे सगळं त्यात असतं. वेव्हरवर असलेला डॉक्टर तीन वर्षं सहज हलू शकत नाही, हे नोकरी देणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंना तोंडी कबूल केलेल्या कॉलच्या दुप्पट कॉल करावे लागले. करारात आकडाच नव्हता.

आता एच-१बी. रेसिडेन्सीसाठी तो हवा असेल तर स्टेप थ्री (अमेरिकेच्या लायसन्स परीक्षेचा तिसरा टप्पा) आधीच पास असावी लागते, आणि सगळे प्रोग्रॅम तो देत नाहीत. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची फी लावायची घोषणा झाली. रेसिडेंटसाठी एवढे पैसे कुठलं हॉस्पिटल मोजेल? भारतातून थेट येणाऱ्याला एच-१बीवर रेसिडेन्सी मिळणं त्यामुळे फारच अवघड झालंय. हे नियम सतत हलतात, तेव्हा तुमच्या मॅचच्या (रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या) वर्षी काय चालू आहे ते बघून घ्या.

शिवाय एक खाच आहे, जी मला फार उशिरा कळली असती तर जड गेलं असतं. युनिव्हर्सिटीशी जोडलेल्या हॉस्पिटलांना एच-१बीची लॉटरी (दर वर्षीच्या मर्यादित जागांसाठीची सोडत) लागू नसते, म्हणून रेसिडेन्सीत काही जाणवत नाही. पुढे खासगी ग्रुपमध्ये नोकरी घ्यायची म्हटली की लॉटरीत उतरावं लागतं. रेसिडेन्सी ही पदवी नाही, त्यामुळे अमेरिकन मास्टर्सवाल्यांच्या वेगळ्या २०,००० जागांत आपण बसत नाही. कॉनरॅड वेव्हरवाल्याला मात्र लॉटरीच नाही. आणि एच-१बीची मुदत एकूण सहा वर्षं. तीन वर्षं रेसिडेन्सी, तीन कार्डिऑलॉजी फेलोशिप, की संपली. जे-१वर घालवलेली वर्षं या सहात धरत नाहीत.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: मॅचमध्ये जे-१ मिळाला तर निमूट घ्या. खरी भिंत व्हिसाची नाहीच, ती पुढे आहे.

ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होणं आणि कार्ड हातात पडणं यात भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत एक युग जातं. नोकरीच्या वर्गात वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, त्यात बायको-मुलंही मोजली जातात, आणि एका देशाला ढोबळमानाने ७ टक्क्यांची मर्यादा. डॉक्टर बहुतेक ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) वर्गात येतात. २०२५ मध्ये त्या रांगेत २०१२-१३ साली अर्ज केलेल्या भारतीयांचे नंबर लागत होते. तुटवड्याच्या भागात एकूण पाच वर्षं काम करणाऱ्या डॉक्टरांना ‘नॅशनल इंटरेस्ट वेव्हर’ (देशहितासाठी ग्रीन कार्डच्या काही अटींतून सूट) मिळतो, कॉनरॅड वेव्हरची तीन वर्षं त्यात धरतात, पण रांग तीच राहते. लोक हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

या रांगेत आपण ज्या तारखेपासून उभे आहोत असं धरतात ती प्रायॉरिटी डेट. नोकरी बदलली तरी ती सहसा आपलीच राहते. म्हणून वेव्हरची नोकरी घेताना ‘पहिल्याच वर्षी ग्रीन कार्डचा अर्ज टाकणार का’ हे विचारा आणि करारात लिहून घ्या. त्यातला आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा पहिला मुख्य अर्ज) मंजूर झाला की एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढवता येतो आणि एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या जोडीदाराला कामाची परवानगी मिळू शकते. तोवर एच-४वाला घरी बसतो. जे-१वाल्याच्या जोडीदाराला जे-२वर मात्र परवाना काढून काम करता येतं, हाही जे-१चा एक फायदाच. संशोधन, पेपर, पुरस्कार असं काही जमवता आलं तर ईबी-१ची (असामान्य कर्तृत्ववाल्यांच्या वर्गाची) रांग बरीच लहान आहे. रेसिडेन्सीपासूनच त्या दिशेने बघा.

आणि एक गंमत, पण कामाची. रांग पासपोर्टवर नाही, जन्माच्या देशावर ठरते, आणि जोडीदाराचा जन्मदेशही चालतो. आपल्याकडे आई-वडील आखातात नोकरीला असताना मस्कत-दुबईत जन्मलेली मुलंमुली कितीतरी आहेत. तशा कुणाशी लग्न झालं असेल तर भारताची रांग टाळता येते. यासाठी स्थळं शोधा असं म्हणत नाही, पण ठरलंच असेल तर वकिलाला सांगायला विसरू नका.

टेनेसीने २०२३ मध्ये अमेरिकन रेसिडेन्सीशिवाय परदेशी डॉक्टरांना तात्पुरतं लायसन्स देण्याचा कायदा केला, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. लायसन्स मिळालं तरी व्हिसा वेगळाच लागतो, त्यामुळे इंटर्नशिपनंतर थेट यायला त्याचा उपयोग नाही.

तुम्ही सरकारी कॉलेजात आहात, तेव्हा राज्याच्या सेवा बॉण्डचं (शिक्षणानंतर सरकारी नोकरी करायच्या हमीचं) आधी ठरवा: वर्ष भरणार की, तुमच्या बॅचला मुभा असेल तर, दंड. बॉण्ड करतानाही स्टेप टूचा अभ्यास होतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून तो केलेले लोक माझ्याच बॅचला होते. स्टेप वन आता फक्त पास-नापास आहे, म्हणून वेळ आणि पैसा स्टेप टूच्या मार्कांवर घाला.