वाचक विचारतात: प्रॉक्झिमाहून निरोप येणार कसा?

प्रश्न: सूर्याला सर्वात जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याजवळच्या ग्रहाकडे यान पाठवायच्या कल्पनेबद्दल वाचलं. समजा यान पोचलं, तर तिथून फोटो पृथ्वीवर कसे येणार?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: खरी अडचण तिथेच आहे, आणि बातम्यांत नेमकी तीच गाळली जाते. हिशेब करून बघा. नासाचं व्हॉयेजर-१ हे यान सध्या सुमारे २,५०० कोटी किमीवर आहे. त्याचा ट्रान्समीटर २३ वॅटचा, म्हणजे घरातल्या एलईडी ट्यूबच्या तोडीचा. यानावरची डिश ३.७ मीटरची आणि इकडे ऐकायला ७० मीटरची डिश. एवढ्या जोरावर सेकंदाला १६० बिट मिळतात. प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे अंदाजे ४० लाख कोटी किमीवर. अंतर १,६०० पट वाढलं की सिग्नल त्याच्या वर्गाने, म्हणजे २५ लाख पटींहून जास्त क्षीण होतो. हीच यंत्रणा तिथे नेऊन ठेवली तर एका बिटाला जवळपास साडेचार तास आणि एक एमबीच्या फोटोला चार हजारांहून जास्त वर्षं लागतील. सेकंदाला १७ किमी या व्हॉयेजरच्या वेगाने तिथे पोचायलाच ७५ हजार वर्षं जातील, ते वेगळंच.

एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट योजनेत वेगाचा प्रश्न कागदावर तरी सुटतो. काही ग्रॅमचं यान, सुमारे चार मीटरचं शीड आणि त्या शिडाला ढकलायला पृथ्वीवरून १०० गिगावॅटचा लेसर. प्रकाशाच्या २० टक्के वेग मिळाला तर प्रवास एकवीस-बावीस वर्षांचा. पण काही ग्रॅमच्या यानावर डिश कुठली बसवणार?

म्हणून निरोपासाठी रेडिओऐवजी लेसर. त्याची तरंगलांबी व्हॉयेजरच्या रेडिओलहरीच्या वीस हजाराव्या भागाहूनही कमी, त्यामुळे झोत तेवढाच अरुंद राहतो आणि ऊर्जा इकडेतिकडे सांडत नाही. नासाच्या सायकी यानावरच्या लेसरने डिसेंबर २०२३ मध्ये ३.१ कोटी किमीवरून सेकंदाला २६७ मेगाबिट पाठवले, एप्रिल २०२४ मध्ये २२.६ कोटी किमीवरून २५ मेगाबिट. अडचणी दोन. अरुंद झोताचा नेम जरा हलला तरी पृथ्वी हुकते. शिवाय यानाच्या मागेच तारा तळपत असतो, त्याच्या उजेडातून आपला प्रकाश निवडून काढावा लागतो. क्षीण सिग्नल गोळा करायला सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा भिंग म्हणून वापर करायचा, तर ऐकणारं यंत्र सूर्य-पृथ्वी अंतराच्या ५५० पट दूर न्यावं लागेल. व्हॉयेजर-१ जवळपास पन्नास वर्षं चालून १७० पटींच्या आसपास पोचलंय.

आणि बिघाडाचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ कडून निरर्थक डेटा येऊ लागला. एक मेमरी चिप निकामी झाली होती. तिच्यातला प्रोग्राम तुकडे करून दुसरीकडे हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये वाचता येणारा डेटा पुन्हा आला. प्रत्येक आज्ञेची पोच यायला जवळपास दोन दिवस लागत होते. प्रॉक्झिमाजवळ हेच साडेआठ वर्षं. अशा यानाला दुरुस्ती स्वतःच करता आली पाहिजे. आमचं स्पष्ट मत, यानापेक्षा आधी इथल्या ऐकणाऱ्या यंत्रणेवर पैसा आणि डोकं खर्च व्हायला हवं.

प्रश्न: दूरच्या ग्रहमालेतून कोणी हाक दिली तर ती १,४२० मेगाहर्ट्झवर येईल असं म्हणतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून काही ऐकता येईल का?
– एक विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर: हाक ऐकू येणार नाही, तेवढी डिश गच्चीवर मावत नाही. पण त्याच वारंवारतेवर आकाशगंगेतला हायड्रोजन नक्की ऐकू येतो. कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ही वारंवारता सुचवली ती याचसाठी, की विश्वात कुठेही रेडिओ खगोलशास्त्र करणाऱ्याला ती ठाऊक असणार.

पत्र्याचा आयताकृती डबा घ्या, रुंद बाजू १६ ते १७ सेंमी. पंधरा किलो तेलाचा डबा नको. रुंदी २१ सेंमीच्या वर गेली की आत लहरींचे नको ते प्रकार शिरतात. साडेसोळा सेंमी रुंदीला, बंद तळापासून ६.९ सेंमीवर रुंद बाजूच्या मध्यावर भोक पाडून कनेक्टर बसवा आणि त्याला ५.२ सेंमी तांब्याची तार आत उभी डाखा. डब्याच्या तोंडाला पुठ्ठ्याचा भोंगा जोडून आतून ॲल्युमिनियम फॉइल लावा. भोंग्याचं तोंड ७५ बाय ६० सेंमी, लांबी साधारण ७० सेंमी. बहुतेकांचं इथेच चुकतं: चिकटपट्टीचा गोंद वीज अडवतो, म्हणून फॉइल आणि डबा स्क्रूने एकमेकांवर आवळा. ॲल्युमिनियमला साधा डाख धरत नाही.

१,४२० चा फिल्टर असलेला एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा, स्वतः कमी गोंगाट करणारा ॲम्प्लिफायर) थेट कनेक्टरवरच लावा. मध्ये केबल घातलीत आणि एक डेसिबल जरी गेला, तरी सुमारे ७५ केल्विन गोंगाट वाढतो (रेडिओतला गोंगाट तापमानात मोजतात). पुढे केबल, एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉप. डोंगलने दाखवलेल्या स्पेक्ट्रमच्या मध्यावर खोटा काटा, म्हणजे टोकदार रेघ, दिसतो, म्हणून ट्यूनिंग १,४२०.० वर ठेवा, हायड्रोजन १,४२०.४ च्या आसपास दिसेल.

भोंगा सरळ डोक्यावर रोखा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आकाशगंगेचा पट्टा ठाण्याच्या माथ्यावरून जातो. पाच मिनिटांची सरासरी घ्या, मग भोंगा जमिनीकडे वळवून तेवढीच. आकाशाच्या नोंदीला जमिनीच्या नोंदीने भागलं की हायड्रोजनचा उंचवटा वर येतो. तो मूळ जागेपासून ४.७४ किलोहर्ट्झ सरकला, तर वायूचा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग सेकंदाला एक किमी.

१,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ऐकण्यासाठी राखीव आहे, पण शेजारच्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर ९०० आणि १,८०० वर इतका जोरात असतो की एलएनए गुदमरतो. स्पेक्ट्रमभर काटे उगवले तर टॉवरला पाठ करून बघा. पाण्याचा पंप आणि जिन्यातले स्वस्त एलईडी दिवे बंद असताना पुन्हा नोंद घ्या. पावसाळ्यात कनेक्टर हिरवे पडतात, त्यांना वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. सेक्रेटरींची परवानगी काढा. आणि फक्त ऐका. प्रसारणाला परवाना लागतो.

प्रश्न: खरी मोठी दुर्बीण मुलांना जवळ कुठे दाखवता येईल?
– एक पालक, खारघर

उत्तर: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेल्ली यानाचा क्षीण सिग्नल याच दुर्बिणीने टिपला होता. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं, तारखा आधी पाहून घ्या. कल्याण, मुरबाड, माळशेज, ओतूर असा रस्ता आहे. आवारात शिरण्याआधी मुलांचे आणि तुमचे मोबाइल पूर्ण बंद करा.