सूत कोणाचं, माग कोणाचा?

या महिन्यात मागावरच्या पत्रांचाच ढीग आहे. त्यातली तीन घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. आजोबांनी घेतलेले बारा साधे यंत्रमाग आहेत, सगळे खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं चालतात. गेल्या वर्षी बिमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) मिळेनात म्हणून चार महिने निम्मे माग बंद होते. मामा म्हणतात, भंगारात बिडाच्या भावानं घालून टाक आणि मोकळा हो. मित्र म्हणतो, घर तारण ठेव, चार सेकंडहँड एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं चालणारे माग, घे, बघता बघता फिटतील. माझा आयटीआय झालाय. वडील काहीच बोलत नाहीत. काय करू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पत्रावरून तू पंचविशीच्या आतबाहेरचा दिसतोस, म्हणून अरेतुरे करते. दोन्ही सल्ले तुझ्या काळजीपोटीच आलेत, पण दोघांनीही नुसत्या यंत्राकडे बघितलंय.

मित्राचं आधी घेऊ, कारण त्याचं गणित अर्धं बरोबर आहे. 52 पिकाचं कापड म्हणजे इंचाला बाण्याचे, म्हणजे आडवे, 52 धागे, मीटरला दोन हजारांच्या वर. तुझा साधा माग मिनिटाला 140 पिकं मारतो असं धरलं, तर न थांबता चालूनही एका मीटरला पंधरा मिनिटं जातात. त्यात दर काही मिनिटांनी कांडी, म्हणजे बाण्याच्या सुताची नळी, संपणार, माग थांबवून ती वाहून नेणारा धोटा बदलायचा, ताण्याचा उभा धागा तुटला तर सांधायचा. 700 पिकांच्या एअरजेटला तोच मीटर तीन मिनिटांचा. बाणा धोट्याशिवाय थेट कोनावरून, म्हणजे सुताच्या मोठ्या गुंडीवरून येतो, त्यामुळे कांडी भरायचं कामच राहत नाही. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, तीही मोठी. तेव्हा तुझ्या बारा मागांचं कापड दोन-तीन एअरजेट सहज काढतील, हे खरं.

आता उरलेलं अर्धं. एअरजेटला कॉम्प्रेसर लागतो आणि तो विजेवर चालतो. हवेत ओलावा धरून ठेवावा लागतो. तुझ्या मागावर आज जे गाठी पडलेलं सूत खपून जातं, ते तिथं खपत नाही. सूत चांगलं हवं, सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ लावणं, चांगलं हवं. वीजबिलाचंही बघ : आपल्याकडे यंत्रमागाच्या वीजसवलतीत 27 अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असे दोन गट आहेत. आज तू आतल्या गटात असशील. कॉम्प्रेसरसकट चार एअरजेट बसवल्यावर कुठल्या गटात जाशील आणि युनिट कितीला पडेल, हे मित्रानं हिशेबात धरलंय का, विचार.

पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. मी पतसंस्थेच्या कर्जविभागात नोकरी काढली. मागाच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. यंत्राचं कोटेशन, शेडचा उतारा, जामीनदार, सगळं व्यवस्थित लावलेलं असायचं. सूत विकत घ्यायला पैसे कुठून आणणार, या रकान्यात मात्र बहुतेकांचं एकच उत्तर : ‘खर्चीवर चालवणार’. यंत्रासाठी घर गहाण ठेवायला माणसं तयार असत, सुतासाठी खेळतं भांडवल मागायला मात्र क्वचितच कुणी येई.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणारा. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच. आपला फक्त माग, वीज आणि कामगार. मजुरी पिकावर. सुताचा भाव चढला-उतरला की फायदा-तोटा व्यापाऱ्याचा. त्यामुळे मंदी आली की व्यापारी करतो काय? बिमं देणं थांबवतो, एवढंच. तुझे माग गेल्या वर्षी थांबले ते जुने होते म्हणून, असं तू धरून चाललायस. सुतात तोटा दिसला की व्यापारी नव्या मागालाही बीम देत नाही. फरक असा की, साधा माग बंद राहिला तर तो गंजतो. कर्जाचा माग बंद राहिला तरी हप्ता चालूच. मग हप्त्यापायी तू पिकामागे कमी मजुरीवरही माल घेशील, शेजारचा त्याहून कमीवर घेईल. पेठेत मजुरी पडते ती अशी. आज तू बारा मागांचा खर्चीवाला आहेस, उद्या चार एअरजेटचा खर्चीवालाच होशील, फक्त घर बँकेकडे असेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : घर तारण ठेवायचं नाही. बारापैकी जे माग खिळखिळे झालेत ते बिडाच्या भावानं जाऊ देत. चांगले चार-सहा ठेव. धोट्याच्या मागाची किनार सलग आणि घट्ट येते. बिनधोट्याच्या मागावर ती कापलेली किंवा दुमडलेली असते. घट्ट किनारीचा, थोडक्या मीटरचा माल घेणारे लोक अजून आहेत, आणि असल्या लहान ऑर्डरी मोठ्या कारखान्याला परवडत नाहीत. एकच सावधगिरी : 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्यात साडी, धोतर, लुंगी, टॉवेल यांचे काही प्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवलेत. कोणता माल चालतो ते आधी विचारून घे, नाहीतर माल जप्त होतो आणि दंड वेगळा.

या चार-सहा मागांतल्या दोनांवर स्वतःचं सूत घाल. दोनच. विकत घ्यायला, रंगवायला, कापड विकायला शीक. यात थोडं बुडेल, ते घर जाण्यापेक्षा स्वस्त. आणि तू स्वतः वर्षभर कुणाच्या तरी एअरजेटवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, म्हणून लाग. आयटीआयवाल्याला पगार बरा मिळतो, आणि यंत्र कुठं कुठं पैसे खातं ते दुसऱ्याच्या खर्चानं कळतं.

अजून एक. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर करून टाक. 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योजकाची मजुरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावी लागते. लेखी करार नसेल तर 15 दिवसांतच. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. व्यापाऱ्याशी भांडण उकरून काढ, असं मी म्हणत नाही, पेठेत उद्याही त्याच्याच दारात उभं राहायचंय. पण नोंदणी असली की बोलताना आवाज वेगळा लागतो.

वडील बोलत नाहीत म्हणतोस. कोणता माग ठेवायचा आणि कोणता काढायचा, एवढंच विचारून बघ त्यांना.

प्रश्न : यंत्रं आली की माणसं रस्त्यावर येतात, हे आपण मुंबईच्या गिरणगावात पाहिलं. तरी सरकार नव्या यंत्रांना अनुदान का देतं? – एक शिक्षक, पुणे

उत्तर : सर, गिरणगावाचा दाखला इथं उलटा आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण तोवर बऱ्याच गिरण्यांत मालकांनी नवीन यंत्रांत पैसा घालणं कधीच सोडलं होतं. काम आधीपासूनच भिवंडी-इचलकरंजीसारख्या गावांतल्या शेडांत झिरपत होतं. तिथं मजुरी कमी, आणि युनियनचा हात पोचत नव्हता. संपात ते वेगानं आलं. म्हणजे मुंबईच्या कामगाराचं काम आमच्या इचलकरंजीनं घेतलं, आणि आमच्या गावातही 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून हातमाग मागे पडत गेले. आज आम्ही रडतोय, एवढंच.

अनुदानाबद्दल तुमची तक्रार मला पटते, पण वेगळ्या कारणानं. 1999 ची तंत्रज्ञान सुधारणा योजना, मग तिची 2016 ची सुधारित आवृत्ती, ती 2022 च्या मार्चअखेर संपली. या सगळ्यांत पैसा यंत्राच्या बिलावर मिळाला. शेडमधून जी माणसं कमी झाली, त्यांना दुसरं काम शिकवायला कुणी बिल मागितलं नाही.

प्रश्न : आई बावीस वर्षं एकाच मालकाकडे कांड्या भरत होती. त्यांनी सगळे माग बदलले, आता कांडीच लागत नाही म्हणून दिवाळीनंतर ‘येऊ नका’ सांगितलं. हातात काही दिलं नाही. ती म्हणते, मालक चांगले आहेत, मागायचं कसं? – एक मुलगी, इचलकरंजी

उत्तर : बाई गं, मालक चांगले असतील, मग तर मागायला सोपं. ही भीक नाही, ग्रॅच्युइटी आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पाच वर्षं सलग काम झालं असेल, तर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो. महिना 26 दिवसांचा धरायचा. कांडीचं काम उक्त्यावर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी काढायची. बावीस वर्षांची रक्कम लहान नसते.

अडचण येईल ती ‘दहा’वर. एकाच शेडमध्ये एक कारखाना भावाच्या नावावर, दुसरा वहिनीच्या, तिसरा मुलाच्या. कागदावर प्रत्येकात सहा-सात माणसं. आणि कांडीवालीचं नाव हजेरीत असेलच असं नाही. म्हणून आधी आईला बसवून आठवायला लाव : त्या शेडमध्ये मागवाले किती, जॉबर कोण, वहिफणीला (ताण्याचे धागे ओवायला) कोण यायचं, दिवाणजी कोण, पगार कुणाच्या हातून मिळायचा. बोनसच्या चिठ्ठ्या, पगाराची पाकिटं, बँकेत जमा झालं असेल तर पासबुक, सगळं गोळा कर. एकदा दहा झाले की नंतर माणसं कमी झाली तरी कायदा लागूच राहतो, हे लक्षात ठेव. एअरजेट आल्यावर संख्या घटली, हे कारण त्यांना पुढं करता येणार नाही.

मग मालकांच्या नावानं साधा अर्ज लिही, आईची सही घे, नेऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. तीस दिवस थांब. काही झालं नाही तर तीच प्रत घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि दावा कुठं लावायचा ते विचार. सोबत त्याच शेडमधली दुसरी कांडीवाली मिळाली तर दोघींचे अर्ज एकदमच द्या.