जाम झालेले रीळ: पकड हातात घेण्याआधी

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरून हौसेने गळ टाकणाऱ्यांचीही रिळे, म्हणजे गळाची दोरी (लाइन) गुंडाळायची यंत्रे, बहुतेक कपाटातच पडून राहतात. ऑगस्ट उजाडला की पत्रे सुरू होतात: हँडल फिरत नाही, स्क्रू निघत नाही, ड्रॅग (मासा ओढू लागला की ताण धरून लाइन सोडणारा ब्रेक) चिकटला. सोबत, आपण काय काय करून पाहिले त्याची यादी. बिघाडापेक्षा ती यादीच वाचून धास्ती वाटते. यंदाचे काही प्रश्न घेतो.

प्रश्न (मालवण): माझे काका मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी आणलेले पेन कंपनीचे सिनेटर रीळ बरीच वर्षे माळ्यावर होते. हँडल जराही हलत नाही. पकडीने धरून एक हिसका दिला तर सुटेल का?

सुटेल. काय सुटेल ते मात्र सांगता येत नाही. हँडल हे फक्त टोक आहे. अडकले आहे ते आत कुठेतरी, आणि पकडीचा सगळा जोर जातो गिअरच्या दातांवर. आधी ड्रॅगचे चाक पूर्ण सैल करा, स्पूल (लाइन गुंडाळली जाते तो ढोल) मोकळे करणारा लीव्हर सोडा आणि स्पूल अंगठ्याने फिरवून पाहा. फिरले तर स्पूलची टोके ठीक आहेत, गाठ गिअरच्या बाजूला आहे. लीव्हरच हलत नसेल तर तिथेच थांबा. जुन्या सिनेटरच्या बाजूच्या तबकड्या बेकेलाइटच्या असतात. बेकेलाइट ठोका सोसत नाही आणि एकदा तडकले की सांधत नाही. हे रीळ १९३६ पासून बनत आले आहे, सुटे भाग आजही शोधले तर मिळतात, त्यामुळे घाईचे कारण नाही. जाणत्या मिस्त्रीसमोर बसून उघडा.

प्रश्न (ठाणे): चार दिवस रोज डब्ल्यूडी-४० मारतोय. काहीच फरक नाही. अजून किती दिवस मारू?

एकही नाही. १९५३ साली हे द्रव्य तयार झाले ते धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातली दोन्ही अक्षरे त्याच कामाची आहेत: वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणे. पाणी हटवायला ते उत्तम. पण बंद रिळावर बाहेरून फवारा मारला की ते आट्यांत कमी आणि ड्रॅगच्या चकत्यांवर जास्त जाते, शिवाय जे थोडे चांगले ग्रीस उरले असेल तेही पातळ करून ओघळवते. जाम सुटवायचे वेगळे पेनिट्रेटिंग तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्याचा एक थेंब, नेमका सांध्यावर, सुईने. मग रात्रभर हात लावायचा नाही. आणि ‘खास रिळासाठी’ म्हणून अंगठ्याएवढ्या बाटलीत विकतात त्या तेलाला भुलू नका. नेहमीच्या वंगणासाठी शिलाई मशीनचे चांगले तेल बहुतेक जागी तेच काम करते.

प्रश्न (रेवदंडा): व्हिडिओत रीळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेले पाहिले. आमच्याकडे चिंच भरपूर आहे. चालेल का?

पितळी भाग सुटा करून, त्यावरचा हिरवा कळंक काढण्यापुरती चिंच चालेल. काही मिनिटेच; मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, धुऊन, कोरडा करून तेल. अख्खे रीळ बुडवायचे नाही. आम्ल अॅल्युमिनियमला खाते, आणि काही भारी रिळांची बॉडी मॅग्नेशियमची असते, तिची तर दाणादाण उडते. बॉडी कशाची आहे हे खात्रीने ठाऊक नसेल तर चिंच आमटीत घाला आणि रीळ कारागिराला दाखवा.

प्रश्न (रत्नागिरी): स्पिनिंग रिळाच्या झाकणाचा एक स्क्रू निघत नाही. स्क्रू स्टेनलेसचा आहे, तरी गंजला कसा? जोर लावताना मुंडीची खाच गुळगुळीत झाली. आता ड्रिल मारू का?

याच प्रश्नासाठी मी खरे तर हे सदर लिहितो, तेव्हा जरा सविस्तर.

तुमचा स्क्रू गंजलेला नाही. गंजली आहे ती त्याच्याभोवतीची बॉडी. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारे पाणी शिरले, की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. या जोडीत झिजतो नेहमी अॅल्युमिनियम. झिजून जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांत जागा नसतेच, म्हणून ती भुकटी स्क्रूला चारही बाजूंनी आवळते. मुंडीच्या कडेला दिसणारा पांढरा पापुद्रा ‘मीठ आहे, पुसलं की झालं’ म्हणून लोक सोडून देतात, तो हाच. तो दिसला त्या आठवड्यात स्क्रू काढला असता तर दोन बोटांनी निघाला असता. लोक वाट पाहतात, पुढच्या ट्रिपनंतर बघू म्हणतात, आणि मग मला ड्रिलबद्दल विचारतात!

दुसरी गोष्ट पेचकसाची. जपानी रिळांचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपल्या बाजारातला नेहमीचा स्टार पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तळाला पूर्ण टेकत नाही आणि जोर लावला की वर चढतो. खाच गुळगुळीत होते ती अशी. पुष्कळदा अशा मुंडीवर एक बारीक ठिपका असतो. जपानी मापाचा पेचकस महाग वाटतो. नवी बॉडी किती महाग पडते ते विचारून या.

खाच थोडी तरी शिल्लक असेल तर क्रम असा. पेनिट्रेटिंग तेल, रात्रभर. सकाळी तेल पुसून टाका, लाइन आणि स्पूल काढून बाजूला ठेवा, खिडकी उघडा. मग सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्क्रूच्या मुंडीवर मिनिटभर टेकवा. स्क्रू फुगतो, भुकटी चिरडतो. निवताना आकसतो आणि फट पडते. त्या फटीत पुन्हा एक थेंब. हे तीन-चार वेळा करावे लागते, एका बैठकीत करावे असेही नाही. दुसरा मार्ग बॉडी तापवण्याचा, हेअर ड्रायरने: तेवढ्याच उष्णतेत अॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त फुगते, म्हणून भोक सैल होते. घट्ट बसलेल्या बरणीच्या झाकणावर आई गरम पाणी ओतायची, त्यातलाच हा प्रकार. गॅसची ज्योत, लायटर, ब्लोटॉर्च यांचे नाव काढू नका. आत ग्रीस आहे, प्लास्टिक आहे, आणि बॉडी मॅग्नेशियमची निघाली तर गंमत राहणार नाही.

मग पेचकस नीट बसवून त्याच्या मागच्या टोकावर लहान हातोडीचे हलके ठोके, बॉडीखाली लाकूड ठेवून. स्क्रू आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग सैल. हलला की लगेच पूर्ण काढू नका. पुढे-मागे करत, तेल देत काढा, नाहीतर भुकटी आटे ओरबाडत बाहेर येते.

खाच पूर्ण गेली असेल तर तुमचे काम संपले, हे मी स्पष्ट सांगतो. ड्रिल स्टेनलेसवरून घसरून मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसते. मोडका स्क्रू काढायचा एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो कडक पोलादाचा तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. लेथवाल्याकडे जा. तो उलट्या धारेच्या ड्रिलने बहुतेक वेळा स्क्रूच फिरवून बाहेर काढतो, आणि आटे गेलेच तर नवी बुश (आतून आटे असलेली नळी) बसवून देतो. जाण्याआधी घरी ‘अजून एकदा’ करू नका.

आणि नवा स्क्रू कोरडा बसवू नका. आट्यांना मरीन ग्रीसचा पातळ हात द्या. दोन धातूंच्या मधे खारे पाणी शिरले नाही तर बॅटरीही नाही.

प्रश्न (वसई): हँडल कुठल्या बाजूला फिरवून सैल करायचे? उलटे आटे असतात म्हणे.

काही रिळांत असतात. हँडल थेट आत पिळून बसवायचे असेल तर एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतात, कारण गुंडाळताना ते घट्टच होत राहायला हवे. म्हणून सैल करताना गुंडाळण्याच्या उलट दिशेने. तरी कंपनीचा सुट्या भागांचा नकाशा पाहिल्याशिवाय जोर लावू नका.

प्रश्न (पनवेल): सगळीकडे ग्रीस भरून रीळ जोडले. आता हँडल मागेही फिरते.

मागे फिरू न देणाऱ्या रोलर क्लचमध्ये ग्रीस भरलेत. आतल्या बारीक सळया चिकटतात आणि धरायच्या ऐवजी घसरतात. क्लच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पातळ तेलाचा एक थेंब, बस. क्लच उघडून सळया सांडल्या असतील तर त्या गोळा करून डबीत घाला आणि डबी कारागिराकडे न्या.

प्रश्न (दापोली): बेअरिंग करकरते. दुकानदार सिरॅमिक बसवा म्हणतो, कधीच गंजत नाही.

त्यात सिरॅमिकच्या असतात त्या गोळ्या. त्या ज्या कड्यांमध्ये फिरतात त्या बहुतेक वेळा पोलादाच्याच, आणि कडी गंजते. करकरणारे बेअरिंग दुरुस्त होत नाही; बदला. त्यावर माप कोरलेले असते, त्याच मापाचे साधे स्टेनलेस घ्या. जुने निघत नसेल तर आतल्या कडीला हिसके देऊ नका, बेअरिंग ज्या खोबणीत बसते ती किंचित तापवून काढून घ्या. नवे बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर दाब.

प्रश्न (अलिबाग): ट्रिपहून आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवतो. तरी जाम झाले.

‘तरी’ नव्हे, त्यामुळेच. बुडवले की बाहेरचे मीठ विरघळून पाण्याबरोबर आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. गाडी धुवायच्या जेटनेही तेच होते, फक्त लवकर. ड्रॅग घट्ट करा, हलक्या धारेखाली धरा, झटका, पुसा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवा. हे त्याच रात्री. रविवारचे रीळ पुढच्या शनिवारी धुणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. ओल आतच राहते.

प्रश्न (गुहागर): दरवर्षी खोबरेल तेल लावून ठेवतो, घरचे शुद्ध आहे. यंदा ड्रॅग अडकून धरतो. तेलाचा काही संबंध?

आहे. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजते, म्हणजे थंडीतल्या पहाटे रिळात तूप भरल्यासारखेच. ड्रॅगच्या चकत्यांवर ते मुळीच नको. चकत्या काढून, क्रम उलटसुलट होऊ नये म्हणून आधी फोटो घेऊन, कोरड्या फडक्याने पुसा. कार्बनच्या असतील तर ड्रॅगचे ग्रीस अगदी पातळ, नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या, फेल्टच्या) असतील तर कंपनीने सांगितलेले तेल. नमदा काळा पडून कडक झाला असेल तर तो बदलावा लागेल. रीळ घेऊन या, फोटोवरून मी नमदा ओळखत नाही.